खाणीनंतरच्या जमिनीचा हिशेब

तुमसर रोडहून तिरोडीकडे जाणाऱ्या लोहमार्गाने ज्यांनी प्रवास केला असेल, त्यांनी गोबरवाहीच्या परिसरात दोन प्रकारच्या टेकड्या पाहिल्या असतील. एक झाडाझुडपांनी झाकलेल्या, सातपुड्याच्या वळणाच्या. दुसऱ्या काळपट-तांबूस, माथ्यावर सपाट आणि उतारावर पावसाने पाडलेल्या घळी मिरवणाऱ्या. या दुसऱ्या टेकड्या डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणीतून निघालेल्या दगडमातीच्या आहेत. गावाच्या नावात जो डोंगर आहे तो यांतला कोणता, असा प्रश्न एखाद्या परक्या माणसाला पडला तर त्याला दोष देता येणार नाही.

भंडारा जिल्हा तलावांचा आणि धानाचा म्हणून ओळखला जातो. खाणींचा जिल्हा म्हटले की आपण चंद्रपूरचे नाव घेतो, फार तर वणीचे किंवा उमरेडचे. कोळशाच्या उघड्या खाणी पाहावयाच्या तर पवनी तालुक्याची हद्द ओलांडून उमरेडकडे जावे लागते, हे खरेच आहे. परंतु जमिनीचे पोट फाडून खनिज काढावयाचे आणि वरची माती बाजूला रचून ठेवावयाची हा व्यवसाय तुमसर तालुक्यात कोळशाच्या राष्ट्रीयीकरणाच्या कितीतरी आधीपासून चालू आहे. १८९६ साली स्थापन झालेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट या ब्रिटिश संस्थेपासून मध्य प्रांतातील मँगनीजच्या व्यवसायाचा आरंभ मानला जातो. भूवैज्ञानिक फर्मर यांनी हिंदुस्थानातील मँगनीजवरचा आपला विस्तृत ग्रंथ १९०९ साली प्रसिद्ध केला; मँगनीजयुक्त अशा एका खडकाला त्यांनी गोंड लोकांवरून ‘गोंडाइट’ असे नाव दिले. (खडकाला नाव मिळाले, गोंडांना त्या खडकापासून काय मिळाले, हा प्रश्न भूशास्त्राच्या कक्षेबाहेरचा असावा.) १९६२ साली मँगनीज ओअर इंडिया ही कंपनी निघाली, तेव्हा तिच्यात केंद्र, महाराष्ट्र व मध्य प्रदेश या तीन सरकारांचा मिळून ५१ टक्के वाटा होता. १९७७ मध्ये ती संपूर्णपणे सरकारी मालकीची झाली. २०१० मध्ये तिचे नाव ‘मॉयल’ झाले आणि त्याच वर्षी तिचे काही भाग खुल्या बाजारात आले. जिल्ह्यात तिच्या दोन खाणी आहेत. चिखल्याची खाण प्रामुख्याने भूमिगत आहे आणि डोंगरी बुजुर्गची उघडी.

या कंपनीचे देणे नाकारण्याचा येथे हेतू नाही. २०२४-२५ या वर्षात तिने १८ लाख टनांवर मँगनीज काढले. पोलाद बनविताना मँगनीजवाचून चालत नाही. डोंगरी बुजुर्गच्या डायऑक्साइड जातीच्या खनिजावर आपल्या घरातील घड्याळाचे आणि विजेरीचे सेल चालतात, आणि त्याच ठिकाणी १९९१ पासून विद्युत-अपघटनाने शुद्ध मँगनीज डायऑक्साइड बनविण्याचा कारखाना आहे. येथील खनिजाचा उपयोग खतांमध्ये आणि जनावरांच्या खाद्यात सूक्ष्म पोषकद्रव्य म्हणूनही होतो. ज्या तालुक्यात धानाव्यतिरिक्त रोजगाराची साधने मोजकीच आहेत, तेथे खाणीतील कायम नोकरीचे मोल काय असते हे वेगळे सांगावयास नको. प्रश्न वेगळा आहे. खाण चालू असतानाचा हिशेब कंपनीच्या ताळेबंदात असतो. ती संपल्यानंतरचा हिशेब कोणाच्या वहीत लिहिला आहे?

अर्थशास्त्रात हा विचार नवीन नाही. पिगू यांनी १९२० सालीच कल्याणाच्या अर्थशास्त्रावरील आपल्या ग्रंथात खासगी खर्च आणि सामाजिक खर्च यांतील तफावत मांडली. कारखानदार जो खर्च स्वतः सोसतो तो वस्तूच्या किमतीत येतो, शेजाऱ्यावर ढकलतो तो येत नाही. खाणीच्या बाबतीत हा शेजारी दोन अर्थांनी शेजारी असतो. एक तर तो पलीकडच्या बांधीत राबणारा शेतकरी असतो. दुसरा, अजून जन्माला यावयाचा असलेला. ही दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. समजा, एखाद्या खाणीची जमीन ३० वर्षांनी पूर्ववत करण्यास १ कोटी रुपये लागणार आहेत. वर्षाला १० टक्के व्याजाचा दर धरला, तर ३० वर्षांनंतरच्या त्या कोटी रुपयांची आजची किंमत अवघी पावणेसहा लाखांच्या आत भरते. म्हणजे खाणचालक कितीही सज्जन असला तरी त्याचा हिशेबनीस त्याला एकच सल्ला देईल: पुढे ढकला. माती आज नीट वेगळी रचून ठेवण्याचा खर्च आजचा असतो, ती न रचल्याचा तोटा तीस वर्षांनंतरचा असतो. चक्रवाढ व्याजाचे गणित शाळेत शिकविताना आपण ते ठेवीदाराच्या बाजूने शिकवितो. ऋण दुसऱ्याच्या नावावर टाकावयाचे असेल तेव्हा तेच गणित कसे उपयोगी पडते, याचा हा धडा आहे.

म्हणूनच अशा व्यवसायात उपदेशाचा उपयोग नसतो. जमीन पूर्ववत करण्याचा खर्च खाण चालू असतानाच, नफा हातात पडत असतानाच, बाजूला काढून ठेवावयास लावणे हाच एक मार्ग उरतो. आपल्याकडे हे तत्त्व मान्य झाले आहे. पण ते कोणत्या दराने मान्य झाले, ते पाहण्यासारखे आहे.

पंचवीस हजार आणि सहा लाख

खनिज संवर्धन व विकास नियम १९८८ साली झाले. त्यांत वरचा सुपीक थर वेगळा काढून ठेवणे, दगडमातीचे ढिगारे नीट रचणे आणि खाण संपण्यापूर्वी जमीन टप्प्याटप्प्याने पूर्ववत करणे, ही कर्तव्ये स्पष्ट शब्दांत सांगितली होती. पैशाचा उल्लेख मात्र २००३ च्या दुरुस्तीत आला. त्या वर्षापासून प्रत्येक खाणीला समापनाचा आराखडा करणे सक्तीचे झाले आणि त्यासोबत वित्तीय हमी देणेही. मोठ्या यांत्रिक खाणींसाठी हमीचा दर ठरला हेक्टरी २५ हजार रुपये, लहान खाणींसाठी १५ हजार.

आता कोळशाकडे वळू. कोळसा मंत्रालयाने ऑगस्ट २००९ मध्ये आपल्या खाणींसाठी समापनाची मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत उघड्या खाणीची जमीन पूर्ववत करण्याचा खर्च त्या वेळच्या किमतींनुसार हेक्टरी सुमारे ६ लाख रुपये धरला आहे, आणि ती रक्कम दरसाल हप्त्याहप्त्याने स्वतंत्र एस्क्रो खात्यात भरावयाची आहे. एकाच केंद्र सरकारच्या एका मंत्रालयाला जे काम हेक्टरी ६ लाखांचे वाटते, तेच काम दुसऱ्या मंत्रालयाच्या नियमांत २५ हजारांत होत होते. उमरेडच्या जमिनीखाली कोळसा आहे म्हणून तिची हमी चोवीस पट, तुमसरच्या जमिनीखाली मँगनीज आहे म्हणून तिची हमी एक पट! वरची माती, वरचे गवत, वरून वाहणारा नाला यांना खाली काय पुरले आहे याची खबर नसते.

यावर असे म्हणता येईल की दोन्ही रकमा तंतोतंत एका मापाच्या नाहीत. ते खरे आहे, पण त्याने दुसऱ्या बाजूचेच पारडे आणखी हलके होते. कोळशात मोजणी प्रकल्पाच्या संपूर्ण क्षेत्रावर होते, इतर खनिजांत प्रत्यक्ष वापरात आणलेल्या क्षेत्रावर. कोळशात पैसा खरोखरच बाजूला पडतो. इतर खनिजांत बँकेची हमी, म्हणजे कागद, दिला जातो. २०१७ च्या नव्या नियमांत मोठ्या खाणींसाठी हा दर हेक्टरी ३ लाख झाला आणि नोव्हेंबर २०२१ च्या दुरुस्तीने ५ लाख. ही वाढ स्वागतार्ह आहे. तथापि १२ वर्षांपूर्वीच्या किमतींनी कोळशासाठी जो आकडा धरला होता, तेथपर्यंतही ती पोहोचत नाही. आणि २००३ ते २०१७ या चौदा वर्षांत जे खोदले गेले, त्याची हमी त्या काळात २५ हजारांचीच राहिली.

हमीची रक्कम पुरेशी असली तरी काम भागते असे नाही. ती कोण कोणाला देतो यालाही महत्त्व असते. अमेरिकेचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. तेथे कोळशाच्या उघड्या खाणींनी ॲपलाशियन डोंगरांची जी दुर्दशा केली, तिच्या विरोधात अनेक वर्षे चळवळ चालली आणि ऑगस्ट १९७७ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी उघड्या खाणींच्या नियंत्रणाचा कायदा मंजूर केला. जमिनीला जवळजवळ मूळचा आकार परत देणे, खणण्यापूर्वी तारण ठेवणे आणि ते तारण एकदम न सोडता टप्प्याने सोडणे, अशी त्याची रचना आहे. खड्डा बुजवून उतार नीट केल्यावर काही भाग सुटतो, हिरवळ उगवल्यावर आणखी काही. उरलेला भाग मात्र ती हिरवळ पाच वर्षे, आणि कमी पावसाच्या प्रदेशात दहा वर्षे, टिकून राहिली तरच. जुन्या, मालक सोडून गेलेल्या खाणींसाठी प्रत्येक टन कोळशावर एक छोटा आकार बसविण्यात आला. आरंभी तो उघड्या खाणींसाठी टनामागे ३५ सेंट होता. इतक्या विचारपूर्वक केलेल्या कायद्यातही एक फट राहून गेली. मोठ्या, सधन कंपन्यांना स्वतःच स्वतःची हमी देण्याची मुभा राज्यांना देता येत होती. २०१५ च्या ऑगस्टमध्ये अल्फा नॅचरल रिसोर्सेस, २०१६ च्या जानेवारीत आर्च कोल आणि एप्रिलमध्ये पीबॉडी, अशा तीन बलाढ्य कंपन्यांनी पाठोपाठ दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा या स्वतःच्या शब्दावर दिलेल्या हमीची किंमत काय, हा प्रश्न वायोमिंगसारख्या राज्यांपुढे उभा राहिला.

आपल्याकडे बँकेची हमी असते, म्हणून तो धोका नाही, असे समजण्याचे कारण नाही. आपला धोका निराळ्या जातीचा आहे. खाण चालविणारी कंपनी केंद्र सरकारची, आराखडा मंजूर करणारा भारतीय खाण ब्यूरो केंद्र सरकारचा, पर्यावरणाची मंजुरी देणारे मंत्रालयही केंद्राचे. उद्या समापनाचे काम अपुरे राहिले, तर एका सरकारी कार्यालयाने दुसऱ्या सरकारी कंपनीची हमी जप्त करावयाची! नियमात तसे करता येते. प्रशासनाचा ज्यांना थोडाबहुत अनुभव आहे अशा वाचकांनी ते कितपत घडेल याचा अंदाज स्वतःच करावा. गंमत अशी की मॉयल, खाण ब्यूरो, पर्यावरणाचे संशोधन करणारी ‘नीरी’ आणि कोळशाची वेस्टर्न कोलफील्ड्स या चारही संस्थांची मुख्यालये एकट्या नागपुरात आहेत. भंडाऱ्यापासून ती साठेक किलोमीटरवर; एकमेकांपासून तर फारच जवळ.

झाड लावणे आणि जमीन परत करणे

पैशाचा प्रश्न सुटला असे धरून चालू. त्या पैशातून करावयाचे काय? येथे आपल्या नियमनाची दुसरी आणि माझ्या मते अधिक गंभीर उणीव दिसते. ‘पुनर्वसित जमीन’ म्हणजे काय, याचे माप आपण ‘लावलेली झाडे’ असे करून टाकले आहे.

तंत्राचा अभाव आहे असे मुळीच नाही. मँगनीजच्या ढिगाऱ्यावर सहसा काही उगवत नाही. त्यात सेंद्रिय द्रव्य जवळजवळ नसते, नत्र नसते, पाणी टिकत नाही. नागपूर जिल्ह्यातील मॉयलच्या गुमगाव खाणीत नीरीच्या शास्त्रज्ञांनी या ढिगाऱ्यांवर जो प्रयोग केला, त्याची दखल देशाबाहेरही घेतली गेली. त्यांनी प्रेसमड, म्हणजे साखर कारखान्यात रस गाळल्यावर उरणारा गाळ, त्या दगडमातीत मिसळला, नत्र स्थिर करणारे जिवाणू व मुळांना साथ देणारी बुरशी रोपांना दिली आणि अनेक जातींची झाडे वाढवून दाखविली. एका उद्योगाचा कचरा दुसऱ्या उद्योगाच्या जखमेवर औषध म्हणून वापरण्याचा हा मार्ग खरोखरच कौतुकास्पद आहे, आणि त्यासाठी परदेशी तज्ज्ञ बोलवावे लागले नाहीत.

परंतु ढिगाऱ्यावर झाडे उगवणे आणि गावाला त्याची जमीन परत मिळणे या दोन गोष्टींत मोठे अंतर आहे. वैनगंगेच्या खोऱ्यातील शेतकरी जमिनीला नुसती जमीन म्हणत नाही. त्याच्या लेखी ती कन्हार असते, मोरांड असते, खरडी किंवा बरडी असते. आणि यांतल्या प्रत्येकीचे पीक, पाणी आणि भाव निराळे असतात. ही प्रतवारी ज्या वरच्या थरावर ठरते तो तयार होण्यास शतके लागतात आणि यंत्राने खरवडण्यास एक दुपार पुरते. तो थर वेगळा काढला, कमी उंचीच्या ढिगात ठेवला, लवकरात लवकर पुन्हा पसरला, तर त्यातील जीव टिकतो. इतर मुरमाखाली गाडला तर गेला. नियमात हे सारे आहे. पण वार्षिक अहवालात रोपांची संख्या मोजली जाते तितक्या आवर्जून मातीची प्रत मोजली जाते काय? रोपे मोजणे सोपे असते, छायाचित्रात ती चांगली दिसतात. खाण ब्यूरोने खाणींना तारे देण्याची पद्धत सुरू केली आहे आणि मॉयलच्या अनेक खाणींनी त्यांत पाच तारे मिळविले आहेत. त्या मूल्यमापनाचा आरंभ कंपनीने स्वतः भरावयाच्या तक्त्यापासून होतो. ब्यूरोची पडताळणी त्यानंतरची. परीक्षार्थीने आधी स्वतःचे गुण लिहून द्यावयाचे आणि परीक्षकाने मग ते तपासावयाचे, ही सोय आमच्या विद्यार्थ्यांना कळली तर तीही मागणी पुढे येईल.

शिवाय खड्डा आहेच. कोळशाचे थर बहुधा सौम्य उताराचे असतात. त्यामुळे खाण पुढे सरकत जाते तसतशी मागची रिकामी जागा भरत नेता येते. मँगनीजचा खनिजपट्टा घड्या पडलेला, तीव्र उताराचा असतो. खाण खालीच उतरत जाते आणि तळ गाठेपर्यंत ती भरता येत नाही. म्हणून ढिगारे बाहेर उभे राहतात आणि शेवटी खोल डोह उरतो. हे लक्षात न घेता कोळशाचे आदर्श जसेच्या तसे मँगनीजला लावणे चुकीचे होईल, हे खाणचालकांचे म्हणणे रास्त आहे. परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष सहसा सोयीचा काढला जातो: डोहाला ‘जलाशय’ म्हणावयाचे आणि आराखड्यात निळा रंग भरावयाचा. भंडाऱ्याच्या माणसाला तलाव म्हणजे काय हे सांगण्याची गरज नाही. मालगुजारी तलाव उथळ काठाचा असतो. त्याच्या उतरत्या पोटात गवत, पाणवनस्पती, मासोळी वाढते, ढिवरांना जाळे टाकता येते, जनावर पाण्यापर्यंत उतरू शकते, तलावाखाली बांध्या भिजतात. उभ्या कड्याच्या शेदीडशे फूट खोल खड्ड्यात पाणी साठले म्हणजे त्यांतले काहीच होत नाही. काठ पायऱ्यापायऱ्यांनी उतरता करून, एका बाजूस उथळ पट्टा ठेवून, पाणी शेतापर्यंत नेण्याची व्यवस्था करून त्याचा तलाव बनविता येतो. पण तो खर्च खाणीची यंत्रे जागेवर असतानाच परवडतो. ती हलल्यावर नाही.

या बाबतीत कोळसा कंपनीने काही चांगले पायंडे पाडले आहेत, हे मोकळेपणाने सांगावयास हवे. वेस्टर्न कोलफील्ड्सने नागपूर जिल्ह्यातील भानेगावजवळ खाणीच्या दगडमातीतून वाळू वेगळी काढून ती बांधकामासाठी दिली. खाणीतील पाणी शेतीकडे वळविले. सावनेरला उद्यान उभारून राज्याच्या पर्यटन महामंडळासोबत २०१६ मध्ये खाण-पर्यटनही सुरू केले. पर्यटनाचे काय व्हावयाचे ते होवो. वाळूचा मुद्दा मात्र भंडाऱ्याच्या दृष्टीने विचारात घेण्याजोगा आहे, कारण वैनगंगेच्या पात्रातून रात्री-अपरात्री भरून निघणाऱ्या वाळूच्या ट्रकांची कथा या जिल्ह्यात सर्वांना ठाऊक आहे. पण त्याच कोळसा उद्योगाची दुसरी बाजू चंद्रपुरात दिसते. तेथे ईरई नदीच्या काठाजवळ रचलेल्या ढिगाऱ्यांवर पुराच्या काळात गाळाचा आणि पाणी अडण्याचा ठपका वारंवार आला. आणि २००९ च्या राष्ट्रीय प्रदूषण निर्देशांकात चंद्रपूरने ८३.८८ गुण मिळवून देशात चौथा क्रमांक पटकावला. सहा लाखांची हमी ज्या वर्षी ठरली तेच हे वर्ष.

गवताचा निकाल

सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२० रोजी ‘कॉमन कॉज’ प्रकरणात एक आदेश दिला, त्याची चर्चा आपल्याकडे व्हावयास हवी होती तितकी झाली नाही. खाणकाम संपल्यावर खाणीचे आणि खाणीमुळे बिघडलेले सारे क्षेत्र पुन्हा गवताखाली आणावे, चारा आणि वनस्पती, प्राणी यांच्या वाढीस योग्य अशा स्थितीत ते परत करावे, अशी अट पट्ट्यात आणि पर्यावरण मंजुरीत घालण्यास न्यायालयाने केंद्राला सांगितले. त्याच महिन्यात पर्यावरण मंत्रालयाने तसे परिपत्रकही काढले.

न्यायालयाने झाडांऐवजी गवताचा उल्लेख केला, यात मोठे शहाणपण आहे. पूर्व विदर्भातील खेडे गवतावर उभे आहे. मालगुजारी गेली तेव्हा गावाच्या वाट्याला निस्तार हक्काच्या ज्या जमिनी आल्या, त्यांतील बऱ्याच ‘झुडपी जंगल’ या नावाने कागदावर राहिल्या. ढोरे चारावयाची ती तेथे, सरपण आणावयाचे ते तेथून. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या झुडपी जंगलांना वनजमीन ठरविले आणि भरपाईच्या वनीकरणासाठी त्या सहजासहजी वापरता येऊ नयेत असेही बजावले; बिगरवन जमीन उपलब्ध नाही असे राज्याच्या मुख्य सचिवांचे प्रमाणपत्र असल्याखेरीज तसे करता येणार नाही. या बजावण्याचा अर्थ गुराख्याला चटकन समजेल. एका बाजूला खाणीखाली चराई जाते. तिच्या भरपाईसाठी दुसऱ्या बाजूच्या चराईला कुंपण घालून रोपे लावली जातात. आणि दोन्ही ठिकाणी अहवालात हिरवा रंग भरला जातो. जनावर मात्र दोन्हीकडून हाकलले जाते. डोंगरी बुजुर्गच्या खनिजातून जनावरांच्या खाद्याला पोषकद्रव्य मिळते, हे वर आलेच आहे.

आता शेवटचा आणि सर्वांत अडचणीचा प्रश्न: पूर्ववत केलेली ही जमीन कोणाची? कोळशाच्या बाबतीत उत्तर स्पष्ट आहे, आणि ते शेतकऱ्याच्या विरुद्ध आहे. १९५७ च्या कोळसाक्षेत्र संपादन कायद्याने घेतलेली जमीन सरकारी कंपनीकडे राहते. काम संपल्यावर ती मूळ मालकाला परत देण्याची तरतूद त्यात नाही. एप्रिल २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने खणून झालेल्या किंवा खाणीस निरुपयोगी ठरलेल्या अशा जमिनी वीज, कोळसा व अन्य पायाभूत कामांसाठी भाडेपट्ट्याने देण्याचे धोरण मंजूर केले, मालकी कंपनीकडेच. म्हणजे जमीन सुधारण्याचे कष्ट यशस्वी झालेच, तर त्याचे फळ पुन्हा प्रकल्पालाच. मँगनीजच्या पट्ट्यांत खासगी, सरकारी आणि वनखात्याची अशा तऱ्हेतऱ्हेच्या जमिनी असतात. तेथे उत्तर इतके एकसुरी नाही. पण समापनाचा आराखडा मंजूर करताना ग्रामसभेला विचारण्याची सक्ती तेथेही नाही. जमिनीचा पुढे काय उपयोग व्हावयाचा हे नागपुरात ठरते. गोसेखुर्दच्या पुनर्वसनाने या जिल्ह्याला इतके तरी शिकविले आहे की, ज्याच्या नावावर काम करावयाचे त्याला आरंभी विचारले नाही तर पुढे कितीही पैसा ओतून ते काम पुरे होत नाही.

खर्च वाढला तर उद्योग बुडेल, हा आक्षेप येथे येणारच. एक काल्पनिक हिशेब मांडून पाहू. १०० हेक्टरांची खाण वर्षाला २ लाख टन खनिज २० वर्षे देते असे धरा. जमीन खरोखर नीट करण्याचा खर्च आजच्या हमीच्या चौपट, म्हणजे हेक्टरी २० लाख रुपये धरा. एकूण २० कोटी झाले आणि ते ४० लाख टनांवर विभागले तर टनामागे ५० रुपये पडतात. मँगनीजचा भाव टनाला काही हजार रुपये असतो. आकडे कोणी हवे तसे बदलावेत. उद्योग बुडविण्याइतकी रक्कम त्यातून सहज निघत नाही. जिल्हा खनिज प्रतिष्ठानाचा पैसा या कामी वापरावा, अशी सूचना अधूनमधून होते. मँगनीजवर स्वामित्वधन विक्रीमूल्याच्या ५ टक्के आणि जुन्या पट्ट्यांवर प्रतिष्ठानाचा वाटा त्या स्वामित्वधनाच्या ३० टक्के, म्हणजे शंभर रुपयांच्या खनिजामागे दीड रुपया. हा दीड रुपया खाणग्रस्त गावांच्या पाण्यासाठी, दवाखान्यासाठी, शाळेसाठी आहे. त्यातून खाणचालकाचे कर्तव्य पार पाडणे म्हणजे गावाच्या पैशाने गावाचेच नुकसान भरून देणे होय.

एक साधी गोष्ट मात्र आजच होऊ शकते. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणे प्रत्येक खाणीने मंजुरीतील अटी किती पाळल्या याचा अहवाल दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबरला द्यावयाचा असतो, आणि तो सार्वजनिक दस्तऐवज असतो. जनसुनावणीपूर्वी पर्यावरण अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा असे त्याच अधिसूचनेत म्हटले आहे. मंजुरी मिळाल्यानंतरच्या सहामाही अहवालांसाठी तशी अट नाही. म्हणून ते इंग्रजीत तयार होतात आणि संकेतस्थळावर पडून राहतात. म्हणजे परवानगी मागताना मराठी आणि हिशेब देताना इंग्रजी. मंजुरीपत्रात एका ओळीची अट घातली तर डोंगरी बुजुर्ग आणि चिखल्याच्या ग्रामपंचायतीत वर्षातून दोनदा हा अहवाल मराठीत लागेल. त्यात वरचा थर किती काढला, कोठे ठेवला, किती पसरला आणि गवताखाली किती हेक्टर आले, असे चार रकाने असावेत. ते तपासावयास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. गावचा शिक्षक आणि ढोरे घेऊन त्या उतारावर रोज जाणारा माणूस, या दोघांनी मिळून ते वाचले तरी पुरे आहे.